सात नंबरचं दार

तिसऱ्या दिवशी बिसेनकाकांच्या घरी पोचले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. चारपर्यंत इंटरनेट चालू झालं नाही तर विमलकाकूंचा आणखी एक दिवस वाया जाणार होता. दोन आधीच गेले होते, आणि दोन्ही माझ्या हातून गेले होते.

काका फाटकाशीच उभे होते. "ताई, आज तरी होईन न?"

"होईल काका," मी म्हटलं. दोन दिवस मी हेच म्हणत होते.

मी शोभा लांजेवार. भिलाईच्या स्टील प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन म्हणून जन्म काढला. वडील गोंदियाकडचे, शेती भावांवर सोडून भिलाईला आले, त्यांच्यामागे मीही प्लांटमध्येच लागले. रिटायर झाल्यावर घरी बसणं जमेना म्हणून लोकांच्या घरची नेटवर्कं दुरुस्त करायला लागले. रिसाली, वैशाली नगर, कधी भिलाई-३ पर्यंतही स्कूटीवर जाते. काम येतं मला, पण एक खोड आहे. तार दिसली की मन तिच्यामागे जातं. एक्स्चेंजमध्ये दुपारी रॅकसमोर बसून मी तासन् तास विचार करायची की आत्ता या तारेतून कोण कोणाशी काय बोलत असेल. साहेब म्हणायचे, "लांजेवार, जागी आहेस की झोपली?" दोन्हीच्या मधे कुठेतरी असायची.

काकूंना दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय हळूहळू सावरला, हात थोडाफार हलू लागला, वाचा मात्र आली नाही. समजायचं सगळं. डोळ्यांत उत्तर तयार दिसायचं, ओठांपर्यंत पोचायचं नाही. नागपूरची एक स्पीच थेरपिस्ट, म्हणजे गेलेलं बोलणं पुन्हा शिकवणारी मुलगी, रोज चार वाजता कॉम्प्युटरवर यायची. मोठ्या पडद्यावर तिचे ओठ बघून काकू ओठ हलवायच्या. तीन आठवड्यांत 'मा' आला, 'पा' आला, आणि एकदा 'पाणी' आलं. त्या दिवशी काका दोन ग्लास पाणी घेऊन धावले होते, आणि काकूंना तहान नव्हती. थेरपिस्टनं बजावलं होतं की आत्ता खंड पडू देऊ नका, आलेलं मागे जाईल.

"मोबाइलवर करून बघितलं का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"केलं न. लहानसं तोंड दिसते त्यात. अन् मधामधात अटकते. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. ते रडाले लागली, मंग म्या बंद करून टाकलं."

काकू खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या असायच्या. मार्चची दुपार. बाहेर कुंपणाच्या भिंतीवर मुनग्याचं झाड, म्हणजे आपला शेवगा, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. वारा आला की फुलं भिंतीवर सांडायची, आवाज न करता. लांबून प्लांटची घरघर. भिलाईच्या माणसाला ती ऐकू येत नाही, थांबली तरच कळते. अशा दुपारी त्या खोलीत काम करताना मला आपण पाण्याखाली बसलोय असं वाटायचं.

आता माझी चूक सांगते. घरातल्या नेटचं गाऱ्हाणं आलं की आम्ही लोक सरळ भिंतीवरच्या डब्याकडे जातो. डबा म्हणजे राउटर. घरातले मोबाइल, कॉम्प्युटर, टीव्ही सगळे त्याच्याकडे आपापलं काम देतात आणि तो ते बाहेरच्या तारेवर पाठवतो. पहिल्या दिवशी मी डब्याचा अडॅप्टर बदलला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी डबाच बदलला, माझ्याकडचा नवा लावला. तरी नाही. बाहेरून आलेली तार लावली की तिथला बारका दिवा लागायला हवा, तो लागत नव्हता. पलीकडून काहीच येत नाही, तेव्हा कंपनीची लाइन खराब, असा निकाल मी देऊन टाकला.

"कनेक्शन कोणत्या कंपनीचं आहे, काका?"

"ते प्रशांतच पाहाते. पुण्याहूनच करते सगळं."

प्रशांत म्हणजे मुलगा. त्याला फोन लावला. "हो ताई, मी बोलतो कंपनीशी," म्हणाला आणि घाईघाईनं ठेवला. कंपनीचं नाव त्यानंही सांगितलं नाही. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. मी मुनग्याकडे बघत होते.

आणखी एक गोष्ट त्या दोन दिवसांत घडत होती. मी आणि काका नेटबद्दल बोलायला लागलो की काकू डावा हात उचलून खिडकीकडे दाखवायच्या. काका उठून पडदा ओढायचे. "ऊन लागते तिले." काकू हात खाली घ्यायच्या आणि डोळे मिटायच्या. दुसऱ्या दिवशी काका स्वयंपाकघरात होते, तर पडदा मी ओढला. वर म्हटलं, "आता बरं वाटतंय ना काकू?" आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

तर तिसरा दिवस. मी डब्याला हात लावला नाही. कॉम्प्युटरसमोर बसले आणि पहिल्या दिवशी पहिल्या मिनिटाला करायचं काम केलं. त्याला विचारलं, की बाबा रे, तू बाहेर जायचं असेल तर कोणत्या दारानं जातोस?

हे विचारायला फार काही लागत नाही. काळी खिडकी उघडायची, त्यात आयपीकॉन्फिग असं टाइप करायचं, एंटर दाबायचं. चार-पाच ओळी येतात. त्यात एक ओळ असते डिफॉल्ट गेटवे. पुढे चार आकड्यांचा पत्ता. घरातली वस्तू घरातल्या घरात काही मागत असेल तर ती आपलं आपण बघते, पण बाहेरचं काही हवं असेल, मग ते नागपूर असो की न्यूयॉर्क, ती या एका पत्त्यावर नेऊन देते आणि निर्धास्त होते. पुढचं त्या दारानं बघायचं. मोबाइलवरही वाय-फायच्या सेटिंगमध्ये हा पत्ता दिसतो. मला ती ओळ फार आवडते. आपण कोणावर विसंबून आहोत ते यंत्र तरी विचारल्यावर सरळ सांगतं.

बहुतेक घरांत तो पत्ता ठरलेला असतो. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक. भिंतीवरच्या जुन्या डब्याच्या पाठीवरही तोच छापलेला होता, नव्याच्याही.

कॉम्प्युटरनं सांगितलं, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, सात, एक.

मी दोनदा वाचलं. घरात या पत्त्याचं काहीच नव्हतं. मी पिंग केलं. पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून बघायची, ओ येते का. चार हाका मारल्या, एकीलाही ओ आली नाही. सेटिंग उघडली तर हा पत्ता हातानं भरलेला. आपोआप घेतलेला असता तर डब्याचाच, एक-एक, आला असता. कोणीतरी मुद्दाम या कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं की तुझं दार सात नंबरचं. आणि तो तीन दिवस इमानानं त्याच दारावर थापा मारत बसला होता. मला त्याची दया आली. यंत्राची दया येऊ नये, पण दुपार तशी होती.

"काका, ही तार कुठून येते?"

"खंब्यावरून येत अशीन."

"तुम्ही बघितलीय?"

"म्या कावून पाहू? प्रशांतनं लावली."

मी तारेला हात लावला आणि निघाले. डब्यापासून खिडकीच्या चौकटीपर्यंत. चौकटीला भोक, तिथून बाहेर. मी मागच्या दारानं परसात गेले. खांब रस्त्याच्या बाजूला होता आणि तार त्याच्याकडे जातच नव्हती. ती भिंतीवर चढली होती, मुनग्याच्या बुंध्याला एक वेढा घालून पलीकडे उतरली होती. वेढ्यापाशी झाडाची साल तारेवर चढली होती. म्हणजे तार कालपरवाची नव्हती. खांद्यावर, केसांत फुलं पडत होती आणि मी भिंतीवरून वाकून शेजाऱ्याच्या घरात जाणारी ती तार बघत उभी होते. मागे वळले तर खिडकीत काकू. पडदा उघडा होता. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

तिथूनच प्रशांतला फोन लावला.

"प्रशांत, तार शेजारी जाते."

त्यानं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ताई, बाबांले सांगू नका."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. शेजारी साहूजी. प्लांटमध्ये काका आणि ते एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच विभागात, एकाच शिफ्टला. बिसेनकाका इलेक्ट्रिशियन. ते लाइनवर चढायचे तेव्हा साहूजी खाली स्विचपाशी उभे राहायचे. रिसालीत दोघांनी शेजारी शेजारी प्लॉट घेतले आणि मधली भिंत एकच घातली. इंटरनेट आलं तेव्हा एकच कनेक्शन घेतलं, साहूजींच्या नावावर, आणि भिंतीवरून तार टाकली. आमच्या भिलाईत हे नवं नाही. क्वार्टरच्या दिवसांत अख्ख्या स्ट्रीटला एक फोन असायचा. गावच्या नातेवाइकांना आम्ही शेजाऱ्याचाच नंबर द्यायचो, पुढे पीपी लिहून. शेजारी ओरडून बोलवायचे, आपण धावत जायचो. इंटरनेटचंही लोकांनी तेच केलं.

मग मुनग्यावरून बिनसलं. झाड साहूजींच्या आईनं लावलेलं. एका पावसाळ्यात त्यावर केसाळ अळ्या झाल्या, भिंतीवरून इकडे उतरल्या, आणि सुट्टीला आलेल्या नातीच्या अंगावर गांधी उठल्या. साहूजी तीर्थाला गेले होते. काकांनी माणूस बोलावून झाड कमरेइतकं ठेवून छाटून टाकलं. साहूजी परत आले, झाड बघितलं, आणि एक शब्द न बोलता आत गेले. ते आजतागायत. तीन वर्षं. गंमत अशी की मुनगा वर्षभरात होता तेवढा झाला. ही दोन माणसं काही वाढली नाहीत.

"बाबा म्हणाले, त्याची तार काप, आपली लाइन घे," प्रशांत सांगत होता. "मी हो म्हटलं. नवीन डबा आणला, भिंतीवर लावला. तार तीच ठेवली. साहूकाकांना विचारलं, तर म्हणाले, मैंने कब काटने को बोला? आईला तेवढं माहीत आहे."

मी खिडकीकडे बघितलं. काकूंनी हात उचलला नव्हता. आता गरज नव्हती.

मी फाटकातून बाहेर पडून शेजारच्या फाटकात गेले. फाटकाच्या खांबावर रंगानं लिहिलं होतं, प्लॉट नंबर ७. पत्त्यातला सात इथून आला होता. प्रशांतनं साहूजींच्या घराचाच नंबर त्यांच्या राउटरला दिला होता.

साहूजींनी दार उघडलं. पांढरी बनियन, तिला खिसा नाही म्हणून कानावर पेन. माझी बॅग बघितली, केसांतली फुलं बघितली.

"बिसेन के यहाँ से आई हो?"

"हो."

"तीन दिन लगा दिए आने में," ते म्हणाले आणि आत वळले.

बैठकीत कोपऱ्यात नवा राउटर लुकलुकत होता. त्यांनी कंपनी बदलली होती. तीन दिवसांपूर्वी नव्या कंपनीचा माणूस आला, नवा राउटर लावला, जुना बंद करून बाजूला ठेवला, आणि जुन्यातून निघणाऱ्या तारा काढून टाकल्या. साहूजी तेव्हा बाजारात होते. जुना राउटर तिथेच शेल्फवर होता, विझलेला. त्याच्या स्विचला सुतळीनं एक लाल कार्ड बांधलेलं होतं.

ते कार्ड मी ओळखलं. प्लांटमध्ये जन्म काढलेल्या प्रत्येकानं ते ओळखलं असतं. कोणी लाइनवर काम करत असेल तर खालच्या स्विचला लाल कार्ड लावतात. त्यावर काम करणाऱ्याचं नाव आणि सही. ते कार्ड असेपर्यंत त्या स्विचला कोणी हात लावायचा नाही, साहेबानंसुद्धा नाही. कार्ड काढायचं ते ज्याच्या नावाचं त्यानंच, खाली उतरल्यावर. एखाद्यानं चुकून हात लावलाच, तर कार्डवर ज्याचं नाव त्याला समोर आणल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही. वर एका माणसाचा जीव असतो.

कार्डवर लिहिलं होतं, 'आदमी काम पर है. बिसेन.' शाई फिकट झाली होती. खाली तारीख तीन वर्षांपूर्वीची, पावसाळ्यातली.

 झाड कापलं त्याच पावसाळ्यात या माणसानं हे कार्ड बांधलं होतं.

"घर में सबको बोल रखा था, इसको कोई हाथ नहीं लगाएगा," साहूजी म्हणाले. "किसी ने नहीं लगाया. वो कंपनी का लड़का क्या जाने."

"साहूजी, तार नव्या राउटरला लावायची आहे फक्त. पाच मिनिटं."

"हाथ मत लगाना, मैडम. कार्ड उसके नाम का है. उसको बुलाओ."

"ते येणार नाहीत."

"तो नहीं चलेगी."

मग मी काकूंचं सांगितलं. चार वाजताची नागपूरची मुलगी, तिचे ओठ, 'मा', 'पा', 'पाणी'. झटका आल्याचं साहूजींना माहीत होतं, हे माहीत नव्हतं. ते शेल्फला धरून उभे राहिले. कानावरचा पेन काढला, परत लावला.

"लगा दो," ते म्हणाले. "भौजी का काम है. कार्ड की बात छोड़ो. लगा दो, बिटिया."

सव्वातीन झाले होते. तार माझ्या हातात होती. लावली असती तर काकू चारला कॉम्प्युटरसमोर बसल्या असत्या, काकांना काही कळलं नसतं, प्रशांत सुखानं झोपला असता. मी तार खाली ठेवली. खरं कारण काय होतं मला माहीत नाही. एवढी वर्षं प्लांटमध्ये गेली आणि लाल कार्ड लागलेल्या स्विचला माझा हात जाईना, हे एक. दुसरं, काकूंनी हात दाखवला असताना पडदा ओढल्याची लाज. उगाच मोठेपणा कशाला सांगू, मनात ठरवलं होतं की पावणेचारपर्यंत बघायचं. काका आले नाहीत तर येऊन गुपचूप लावायची.

काका खुर्ची काकूंच्या जवळ घेऊन बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. प्रशांतनं जे सांगू नका म्हटलं ते सगळं सांगितलं.

काकांचा चेहरा लाल झाला. "तीन वर्सं? तीन वर्सं माह्या घरात त्याचं नेट?"

"हो."

"अन् मले कोणी सांगतलं नाई! मी म्हणतो, आपली लाइन आहे. चारचौघात सांगून राहिलो आपली लाइन म्हणून!" ते उठले. "नाई पायजे मले. नवीन लाइन घेतो."

"चार दिवस लागतील, काका."

"लागू देजा."

 काकूंनी डावा हात उचलला. खिडकीकडे. काका रागातच, पण सवयीनं, खिडकीपाशी गेले आणि पडद्याला हात घातला.

"न," असा आवाज आला.

काका थांबले. पडदा अर्धा ओढलेला.

काकूंचे ओठ थरथरत होते. सगळी मान पुढे आली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.  मला वाटतं मुनग्याची फुलंही पडायची थांबली होती, पण दुपार तशी होती हे मी सांगितलंच आहे.

"न... को," काकू म्हणाल्या. "नको."

हा शब्द कोणी शिकवला नव्हता. धड्यात तो नव्हताच. काका पडदा हातात धरून बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी पडदा पूर्ण मागे सारला, अगदी टोकापर्यंत, आणि बराच वेळ बाहेर बघत उभे राहिले. तिथे भिंत होती, झाड होतं आणि त्याला वेढा घालून गेलेली काळी तार.

"म्हणून हात दाखवे का हे?" ते मला म्हणाले.  "मी बैताडासारखा पडदा ओढू."

मी म्हटलं, "मीही ओढला, काका."

ते चपला न घालताच निघाले. पावणेचारला पाच मिनिटं होती.

मी साहूजींच्या दारात दोन पावलं मागे राहिले. दोघं समोरासमोर आले. कोणी कोणाला नमस्कार केला नाही. काका सरळ शेल्फपाशी गेले आणि कार्ड हातात घेतलं. वाचलं. तारीख वाचली. अंगठ्यानं शाईवरून हात फिरवला.

"कोणी बंद केली लाइन?" शॉपमध्ये विचारत असतील तसंच विचारलं.

"मैंने नहीं."

"मले माहीत आहे तुनं नाई." काकांनी कार्ड उलटं करून बघितलं. "माह्या सहीशिवाय कार्ड कावून लावलं बे?"

"तू साइन करने आता कब था?"

 काकांनी हात पुढे केला. साहूजींनी कानावरचा पेन दिला. काकांनी कार्डवर सही केली, सावकाश, जशी पगाराच्या रजिस्टरवर करत असतील. मग पेन परत देताना म्हणाले, "झाडाचं... म्या पूरं नाई कापाले पायजे होतं."

"अम्मा का था," साहूजी म्हणाले.

"मले माहीत होतं."

"उग आया वो तो." साहूजींनी नाक ओढलं. "अभी देख, तार लगा. भौजी बैठी होगी."

तार काकांनीच लावली. मी फक्त कोणत्या भोकात ते दाखवलं. आता एकच अडचण होती. नव्या राउटरचा पत्ता एक-एक होता आणि काकूंचा कॉम्प्युटर सात-एक शोधत होता. सोपा उपाय म्हणजे कॉम्प्युटरची सेटिंग बदलायची. मी तसं केलं नाही. नव्या राउटरच्या पाठीवरचा पासवर्ड घेऊन आत शिरले आणि त्यालाच जुना पत्ता दिला, सात-एक. तीन दिवस तो कॉम्प्युटर ज्या दारावर थापा मारत होता, ते दार त्याला तिथेच उघडलेलं मिळावं असं मला वाटलं. कामाच्या दृष्टीनं याला काही अर्थ नाही. दोन मिनिटं जास्त लागली.

निघताना साहूजी कार्डाकडे बोट दाखवून म्हणाले, "अब इसको उतार. काम हो गया."

काकांनी जुन्या राउटरवरून कार्ड सोडवलं, नव्या राउटरच्या स्विचला बांधलं, सुतळीला दोन गाठी मारल्या. "कुठी झालं? आत्ता कुठी सुरू होऊन राहिलं. राहू दे."

मी धावत इकडे आले, काकांचा जुना डबा परत भिंतीवर लावला. तारेचा बारका दिवा लागला. कॉम्प्युटरवरून सात-एकला हाक मारली. चारही वेळा ओ आली. चार वाजून तीन मिनिटांनी पडद्यावर नागपूरची मुलगी आली. "काकू, कशा आहात? दोन दिवस दिसला नाहीत!" काकू तिच्या ओठांकडे बघत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या. दारात काका होते आणि त्यांच्या मागे, चपला बाहेर काढून, बनियनवर घाईनं शर्ट चढवलेले साहूजी.

मुलीनं 'पा' म्हणून दाखवलं. काकू 'पा' म्हणाल्या. साहूजींनी रुमाल काढून तोंडावर धरला आणि ते परत दाराबाहेर गेले. मुलीला हे काही दिसलं नाही. ती पुढच्या अक्षराकडे वळली.

रात्री प्रशांतचा फोन आला. "ताई, बाबांले सांगितलं नाही न?"

"सांगितलं."

"अरे देवा. मग?"

"मग काही नाही. मी निघाले तेव्हा दोघं भिंतीपाशी उभे राहून मुनग्याची फुलं काढून राहिले होते. भाजीला. नक्की कोणाच्या घरी करायची यावर वाद चालला होता."

त्या कामातून मी काही मोठं शिकले असं नाही. नवीन मुलं विचारतात तेव्हा एवढंच सांगते. नेट बंद असेल तर भिंतीवरच्या डब्याला हात लावू नका, आधी कॉम्प्युटरला त्याचं दार विचारा. एक ओळ असते, वाचायला अर्धं मिनिट लागतं. आणि घरातलं कोणी खिडकीकडे हात दाखवत असेल, तर पडदा ओढू नका.